मराठी कीबोर्ड लावला की कंट्रोल-एस मरतो, एंटर शब्द खातो: कुठं बघायचं आणि काय बदलायचं

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत दुकानासाठी मी हिशोबपट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला त्याच्या मालाच्या हिशोबाची जी पट्टी देतात तिचं, सॉफ्टवेअर केलंय. इलेक्ट्रॉनवर आहे, म्हणजे आत क्रोमियम ब्राउझर आणि जावास्क्रिप्ट, त्यामुळं एकाच कोडवर विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडं चालतं. दुकानात विंडोजचे दोन पीसी, मालकांचा मुलगा पुण्यात मॅकबुकवर बसून हिशोब बघतो आणि मी इथं राजारामपुरीत घरी उबंटूवर, म्हणजे लिनक्सवर, काम करतो. गेल्या सीझनला आठवड्यातनं दोनदा तरी दिवाणजींचा फोन ठरलेला, "भाऊ, ते सेव्ह व्हईना झालंय बघा परत." मी गाडी काढून जायचो, खुर्चीत बसायचो, कंट्रोल-एस मारायचो आणि सेव्ह व्हायचं. दिवाणजी म्हणायचे, "तुमी आला की बरं चालतंय." परत दोन दिवसांनी फोन.

असला कधी चालतंय कधी चालत नाही प्रकार कुणाच्या डेस्कटॉप ॲपमध्ये कीबोर्डच्या बाबतीत होत असेल तर खालचं सगळं वाचा, कारण यात एक चूक नसते, चार-पाच चुका एकात एक अडकलेल्या असतात आणि एक काढली की दुसरी वर येते. माझं तसंच झालं.

पहिलं काम: बघायची खिडकी बनवा

अंदाजानं कोड बदलू नका. मी आधी तेच केलं आणि त्यात पंधरा दिवस गेले. एक छोटी खिडकी बनवा, त्यात एक टेक्स्टबॉक्स आणि खाली मोकळी जागा, आणि प्रत्येक कीडाउन (बटण दाबलं), कीअप (सोडलं), कंपोझिशन (शब्द अजून बनतोय) आणि इनपुट (मजकूर बदलला) इव्हेंटला एक ओळ छापा. ओळीत काय पाहिजे: इव्हेंट.की, इव्हेंट.कोड, जुना कीकोड, रिपीट आहे का, कंपोझिंग चालू आहे का, आणि कंट्रोल, शिफ्ट, अल्ट, मेटा यातलं काय दाबलंय. बस्स. ही खिडकी ॲपमध्येच एखाद्या लपवलेल्या मेनूत ठेवा, गिऱ्हाइकाच्या मशीनवर उघडता आली पाहिजे, आपल्या मशीनवर उघडून काही उपयोग नाही. लिनक्सवर खिडक्या दाखवणारी यंत्रणा जुनी एक्स-इलेव्हन असेल तर झेव्ह नावाचा प्रोग्रॅम हेच काम करतो, नवी वेलँड असेल तर वेव्ह, विंडोजवर स्पाय-प्लस-प्लस आहे, पण ते सिस्टीम काय पाठवते ते दाखवतात, तुमच्या ॲपला शेवटी काय मिळालं ते तुमचीच खिडकी दाखवणार.

ही खिडकी दुकानात उघडली आणि दिवाणजींना म्हटलं, तुम्ही नेहमीसारखं काम करा, मी नुसता बघत बसतो. तासाभरात सापडलं. शेतकऱ्याचं नाव मराठीत टाकायला ते कीबोर्ड मराठी करतात, नाव टाकतात, आणि तसंच पुढं जाऊन कंट्रोल-एस मारतात. लॉगमध्ये इव्हेंट.की मध्ये आलं होतं 'े'. एस नाही, नुसती मात्रा. इनस्क्रिप्ट, म्हणजे प्रत्येक बटणाला ठरलेलं देवनागरी अक्षर असलेला लेआउट, त्यात एसच्या जागेवर एकाराची मात्रा असते, आणि माझ्या कोडमध्ये लिहिलेलं होतं, कंट्रोल दाबलेला असेल आणि इव्हेंट.की बरोबर 'एस' असेल तर सेव्ह कर. कसं होईल सेव्ह? आणि मी खुर्चीत बसलो की सवयीनं पहिल्यांदा विंडोज-स्पेस मारून कीबोर्ड इंग्लिश करायचो, म्हणून माझ्यासमोर कधीच बिघडलं नाही. दिवाणजी बरोबर सांगत होते आणि मी त्यांचं ऐकून नीट बघितलं नव्हतं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

जाता जाता, त्याच लॉगमध्ये अजून एक दिसलं, कॅप्सलॉक चालू असला की कंट्रोल-एसला मोठा एस येतो, आणि माझी तुलना लहान एसशी होती. म्हणजे इंग्लिशमध्येसुद्धा कॅप्स चालू असताना सेव्ह होत नव्हतं. तुलना करायच्या आधी अक्षर लहान करून घ्या.

एक बटण, तीन वेगळे प्रश्न

इथं जरा थांबून सांगतो, कारण सगळी गोम इथं आहे. बटण दाबलं म्हणजे एकच गोष्ट घडली असं आपल्याला वाटतं, पण तीन वेगळे प्रश्न असतात. कुठलं बटण दाबलं, म्हणजे कीबोर्डवरची जागा, ते इव्हेंट.कोड सांगतो, एसच्या जागेवरचं बटण असेल तर तो कायम 'कीएस' म्हणणार, लेआउट मराठी असो नाहीतर रशियन. त्या बटणाचा आत्ताच्या लेआउटप्रमाणं अर्थ काय, ते इव्हेंट.की सांगतो. आणि तिसरा, शेवटी मजकुरात काय उमटलं, ते या दोघांपैकी कुणीच खात्रीनं सांगत नाही, ते फक्त इनपुट इव्हेंट सांगतो.

हा तिसरा प्रश्न इंग्लिशवाल्यांना फारसा पडत नाही, आपल्याला रोज पडतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-सात दाबलं की 'क्ष' येतो, बटण एक, पण आत क, हलन्त आणि ष असे तीन कोडपॉइंट (युनिकोडमधले अक्षरांचे नंबर), आणि विंडोज त्यासाठी एकाच दाबण्याला एकापेक्षा जास्त अक्षरांचे मेसेज पाठवतं. उलट फोनेटिक, म्हणजे इंग्लिश अक्षरात लिहून मराठी करणारं, घेतलं तर पाच-सहा बटणं दाबल्यावर एक शब्द उमटतो आणि तोपर्यंत काहीच पक्कं नसतं. त्यामुळं "एक कीडाउन म्हणजे एक अक्षर" असं धरून कुठंही मोजदाद केली असेल, अक्षरमर्यादा, ऑटो-सजेशन, स्वतः बनवलेला टेक्स्टबॉक्स, तर ते मराठीत फुटणार. 'कोल्हापूर' डोळ्याला चार अक्षरं दिसतात, जावास्क्रिप्टला त्याची लांबी विचारा, नऊ सांगतं. स्वतःचा बॅकस्पेस लिहिला असेल तर शेवटचं एक युनिट कापायच्या आधी हे डोक्यात ठेवा, आणि डोळ्याला दिसणारी अक्षरं मोजायची असतील तर जावास्क्रिप्टचं इंटल-सेगमेंटर वापरा.

माझा चुकलेला उपाय

कारण कळल्यावर मी काय केलं, सगळ्या कोडमध्ये इव्हेंट.की काढलं आणि इव्हेंट.कोड घातलं, एका झटक्यात. कंट्रोल-एस चालू झाला. संध्याकाळी बिल्ड दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सौदे सुरू व्हायच्या आधीच फोन. आता दोन नव्या तक्रारी. एक, आकड्यांच्या बाजूचा एंटर मेला. दोन, शेजारच्या पीसीवर जो पोरगा बसतो त्याची नावं अर्धवट पडायला लागली.

पहिलीचं कारण सोपं आहे. नमपॅडवरच्या एंटरची इव्हेंट.की 'एंटर'च असते पण इव्हेंट.कोड 'नमपॅडएंटर' असतो. मी फक्त 'एंटर' तपासत होतो. दिवाणजी वजनं आणि दर नमपॅडवर टाकतात, उजवा हात तिथनं हलतच नाही, त्यांच्यासाठी तोच खरा एंटर. आकड्यांचं पण तसंच, नमलॉक बंद असेल तर नमपॅडवरच्या चारचा कोड 'नमपॅड४'च राहतो पण की येते डावा बाण. म्हणजे कोड बघून चार टाकला तर माणसाला डावीकडं जायचं होतं आणि तिथं आकडा पडला.

दुसरीचं कारण समजायला मला दोन दिवस लागले आणि मराठीत डेटा एंट्रीची ॲप करणाऱ्या प्रत्येकानं हे बघून घ्यावं असं मला मनापासनं वाटतं.

एंटर शब्द का खातो

दिवाणजी इनस्क्रिप्टवाले आहेत, ते जुने, टायपिंग शिकलेले. शेजारचा पोरगा मराठी फोनेटिक वापरतो, विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासनं मायक्रोसॉफ्टनं ते विंडोजमध्येच दिलंय. त्यात इंग्लिश अक्षरं टाइप करायची, खाली शब्दांची यादी येते, आणि शब्द पक्का करायला स्पेस नाहीतर एंटर. आणि आमच्या ॲपमध्ये एंटर म्हणजे पुढच्या रकान्यात जा, कारण जुन्या डॉसच्या काळापासनं हिशोबाच्या माणसाचा हात तसाच बसलेला आहे, टॅब कुणी मारत नाही. म्हणजे एकाच एंटरवर दोघांचा हक्क. पोरगा शब्द पक्का करायला एंटर मारायचा आणि माझा कोड त्याला पुढच्या रकान्यात ढकलायचा, शेवटचा शब्द कधी इंग्लिश अक्षरातच राहायचा, कधी उडून जायचा.

आधी हे का होत नव्हतं? तर विंडोजवर फोनेटिक शब्द बनवत असताना क्रोमियम कीडाउन पाठवतं खरं, पण इव्हेंट.की मध्ये 'प्रोसेस' असं येतं आणि कीकोड २२९. म्हणजे हे बटण आता टायपिंग यंत्रणेच्या ताब्यात आहे, तू हात लावू नको. माझा जुना कोड इव्हेंट.की 'एंटर' आहे का बघायचा, 'प्रोसेस' आला की आपोआप गप्प बसायचा. मी कोड बघायला लागलो, आणि इव्हेंट.कोड तर बिचारा प्रामाणिकपणे 'एंटर'च सांगतो, जागा तीच ना. मॅकवर तर आधीपासनंच बिघडलेलं होतं, कारण तिथं शब्द बनत असतानाही इव्हेंट.की 'एंटर'च येते, फक्त कंपोझिंग खरं असतं आणि कीकोड २२९ असतो, पण पुण्याचा मुलगा एंट्री करत नाही म्हणून कुणाला कळलं नव्हतं.

उपाय एका ओळीचा आहे आणि तो प्रत्येक कीडाउनच्या अगदी सुरवातीला पाहिजे, कुठल्याही शॉर्टकटच्या आधी:

जर इव्हेंट.इझकंपोझिंग खरं असेल किंवा इव्हेंट.कीकोड २२९ असेल तर काही न करता परत फिर.

दोन्ही अटी पाहिजेत. कंपोझिंगची खूण एकटी पुरत नाही, कारण शब्द सुरू करणारं जे पहिलं बटण असतं त्याचा कीडाउन कंपोझिशन सुरू व्हायच्या आधी येतो, तेव्हा ती खूण खोटी असते पण कीकोड मात्र २२९ असतो. कीकोड जुना झालाय, वापरू नका असं सगळीकडं लिहिलेलं असतं, बरोबरच आहे, पण या एका कामाला तो लागतोच. आणि एंटरसाठी इव्हेंट.की वरच परत या, म्हणजे दोन्ही एंटर एकाच अटीत बसतात.

तसंच रकाना सोडून जाताना किंमत उचलणार असाल तर कीडाउनमध्ये उचलू नका. कीडाउन येतो तेव्हा मजकूर अजून बदललेला नसतो, आधी कीडाउन, मग बिफोरइनपुट, मग इनपुट. कीडाउनमध्ये वाचलं की कायम एक पाऊल मागचं हाताला लागतं. ही चूक शोधताना लोक सेट-टाइमआउट शून्य टाकून वेळ मारून नेतात, तसं नका करू, इनपुट इव्हेंट ऐका.

दोन पट्ट्या छापल्या जातात

हे दिसायला वेगळं होतं पण मूळ एकच, म्हणून इथं सांगतो. अधनंमधनं एकाच मालाच्या दोन पट्ट्या छापून यायच्या. शेतकऱ्याच्या हातात एक, फाइलला एक जास्तीची, आणि रात्री हिशोब मिळवताना रव्यांचा (गुळाच्या ढेपांचा) आकडा जुळत नाही. पैशाचा व्यवहार आहे, गुऱ्हाळवाला माणूस पट्टीवर विश्वास ठेवून जातो, यात चूक चालतच नाही.

खिडकीत बघितलं तर एंटर दाबून हात उचलायला अर्धा-पाऊण सेकंद गेला की रिपीट खरं असलेले कीडाउन येत होते. शेवटच्या रकान्यातल्या एंटरवर मी फोकस 'छापा' बटणावर नेत होतो, आणि ब्राउझरमधलं बटण एंटरला दाबतानाच क्लिक होतं, सोडताना नाही. स्पेसचं उलट, स्पेस सोडल्यावर क्लिक होतं. म्हणजे बोट तेच, दाबणं एकच, पण पहिल्या कीडाउननं फोकस बटणावर गेला आणि रिपीटच्या कीडाउननं बटण क्लिक झालं, परत एकदा झालं. आता जिथं काम घडतं तिथं, सेव्ह, छापा, डिलीट, रिपीट खरं असेल तर प्रिव्हेंट-डिफॉल्ट करून, म्हणजे ब्राउझरची नेहमीची कृती थांबवून, परत फिरायचं. बाणांना आणि बॅकस्पेसला रिपीट राहू द्या, तिथं लोकांना ते पाहिजे असतं. आणि नुसतं कीबोर्डवर विसंबू नका, एका पट्टी नंबरला दुसरी छपाई विचारल्याशिवाय होणार नाही अशी अट डेटाबेसच्या बाजूला पण घाला.

डबल सेव्हचं अजून एक कारण इलेक्ट्रॉनमध्ये असतं. मेनूत कमांडऑरकंट्रोल-एस असा ॲक्सिलरेटर (मेनूचा शॉर्टकट) दिलेला आणि पानात कीडाउनचा लिसनर (इव्हेंट ऐकणारा कोड) पण. पानानं प्रिव्हेंट-डिफॉल्ट केलं नाही तर दोन्ही चालतात. एकच जागा ठरवा. मी मेनू ठेवला, लिसनर काढला. जिथं मेनूत जायच्या आधीच अडवायचं असेल तिथं मेन प्रोसेसमध्ये बिफोर-इनपुट-इव्हेंट आहे, त्यात प्रिव्हेंट-डिफॉल्ट केलं की पानाचा कीडाउन आणि मेनूचा शॉर्टकट दोन्ही थांबतात.

पण कीबोर्ड आपोआप मराठी कसा होतो

हे सगळं झाल्यावर पण दिवाणजी म्हणत होते, "मी मराठी लावलंच न्हवतं, आपोआप होतंय." मला आधी खरं वाटलं नाही, मग वाटलं, गेल्या वेळी त्यांचं ऐकलं नाही तेव्हा काय झालं. परत खिडकी उघडून बसलो.

विंडोजवर दोन भाषा लावलेल्या असल्या की डावा अल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून सोडले की भाषा बदलते, ही सवय विंडोजची फार जुनी. आणि माझ्या ॲपमध्ये मागची पट्टी बघायला शॉर्टकट होता अल्ट-शिफ्ट-पी. दिवाणजी अल्ट-शिफ्ट दाबायचे, मग पी शोधायला नजर खाली जायची, विचार बदलला नाहीतर हात घसरला की अल्ट-शिफ्ट सुटायचे, झाली भाषा बदलून. माझ्याच शॉर्टकटनं कीबोर्ड मराठी होत होता आणि मग माझाच दुसरा शॉर्टकट मरत होता. अल्ट-शिफ्टवर काहीही ठेवू नका. आणि ॲपच्या खालच्या पट्टीत आत्ता मराठी का इंग्लिश ते मोठ्या अक्षरात दाखवलं तर लोकांचा निम्मा त्रास कमी होतो, मी शेवटच्या टाकलेल्या अक्षरावरनं ते ओळखतो, देवनागरी आलं की मराठी, साधंच आहे पण चालतं.

कंट्रोल-अल्ट आणि आकडा हे पण टाळा. इंग्लिश-इंडिया लेआउटमध्ये उजवा अल्ट आणि चार दाबलं की ₹ येतो, आणि असल्या लेआउटला विंडोज उजवा अल्ट म्हणजे कंट्रोल अधिक अल्ट असंच पाठवतं. तुमचा शॉर्टकट कंट्रोल-अल्ट-चार असेल तर रुपयाचं चिन्ह टाकणाऱ्याची आणि तुमची टक्कर होणार. एफ-दहा विंडोजवर मेनूकडं जातो. एफ-बारा ग्लोबल हॉटकी म्हणून घेऊ नका, विंडोजनं तो डीबगरला राखून ठेवलाय. मॅकबुकवर एफची बटणं मूळ सेटिंगला उजेड-आवाजाची असतात, एफएन दाबावं लागतं, आणि एफ-अकरा डेस्कटॉप दाखवतो. म्हणून एफ की द्या, जुन्या लोकांना त्याच पाहिजेत, पण प्रत्येक कामाला दुसरा रस्ता पण ठेवा.

मग शॉर्टकट ओळखायचा कसा

इव्हेंट.की मराठीत फसतो, इव्हेंट.कोड फ्रेंच-जर्मन कीबोर्डवर फसतो, कारण जर्मन कीबोर्डवर झेड आणि वायच्या जागा उलट आहेत, कोड बघून अनडू केला तर तिकडच्या माणसाचा रिडू होणार. आपल्याकडं कोल्हापुरात क्वर्टी सोडून दुसरं कोण वापरतं असं म्हणाल, खरंय, पण शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीसाठी ॲप केलं आणि ते त्यांच्या बाहेरदेशच्या पार्टीकडं गेलं तर काय. मी आता असं करतो: इव्हेंट.की एक साधं रोमन अक्षर असेल तर ते घ्यायचं, लहान करून. नसेल, म्हणजे देवनागरी किंवा अजून काही असेल, तर इव्हेंट.कोड बघायचा आणि 'कीएस' वरनं एस काढायचा. हे एकाच फंक्शनमध्ये ठेवा, सगळ्या ॲपनं त्यालाच विचारायचं. मॅकवर ऑप्शन दाबलेला असेल तर सरळ कोड बघा, कारण तिथं ऑप्शन-एस दाबला तर की मध्ये 'ß' येतो.

आकड्यांचं वेगळं. काही मराठी लेआउटमधनं आकडे पण देवनागरी येतात. माणसानं ३० टाकलं, स्क्रीनवर ३० दिसलं, आणि जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला दिलं तर नॅन, म्हणजे हा आकडाच नाही. रेगेक्समधला डिजिट पण फक्त रोमन शून्य ते नऊच धरतो. पायथन यात बरा, तिथं इंटला देवनागरी आकडे कळतात. यासाठी कीडाउन अडवत बसायची गरज नाही, रकान्यातनं किंमत उचलतानाच देवनागरी आकडे रोमन करून घ्या, कोडपॉइंट एकापाठोपाठ एक आहेत, नुसती वजाबाकी आहे. दर आणि वजनाच्या रकान्यात मराठी आकडा टाकला म्हणून कुणाला लाल एरर दाखवू नका, मराठी माणसानं मराठी आकडा टाकलाय.

बारकोड स्कॅनर

हा किस्सा यार्डातला नाही, चप्पल लाइनमधल्या एका दुकानाचा. तिथं खोक्यांवर बारकोड आहेत, केएलपीनं सुरू होणारे. एक दिवस स्कॅन केल्यावर 'खथझ' यायला लागलं. दुकानदार म्हणाला स्कॅनर गेला. स्कॅनर गेला नव्हता. बहुतेक यूएसबी स्कॅनर कॉम्प्युटरला स्वतःची ओळख कीबोर्ड म्हणूनच देतात, मोठा के म्हणजे शिफ्ट आणि के दाबल्यासारखं पाठवतात, आणि इनस्क्रिप्ट चालू असेल तर शिफ्ट-केचा ख, शिफ्ट-एलचा थ, शिफ्ट-पीचा झ. बरोबर खथझ.

स्कॅनच्या वेळी इव्हेंट.कोडवरनंच अक्षर बनवा, 'कीके' अधिक शिफ्ट म्हणजे मोठा के, 'डिजिट४' म्हणजे चार. माणूस आणि स्कॅनर वेगळे ओळखायला दोन बटणांमधला वेळ बघा, इतक्या भरभर कुणी टाइप करत नाही, आणि शेवटी बहुतेक स्कॅनर एंटर नाहीतर टॅब पाठवतात. पण फोनेटिक चालू असेल तर एवढ्यानं भागत नाही, कारण फोनेटिकला कीडाउनमधल्या प्रिव्हेंट-डिफॉल्टनं अडवता येत नाही. त्याला उपाय असा केला, की स्कॅन करायची जागा टेक्स्टबॉक्स ठेवलीच नाही, फोकस घेणारा साधा डिव्ह, पानावरचा नुसता चौकोन, ठेवला. ज्यात लिहिता येत नाही तिथं फोकस असला की फोनेटिक बाजूला होतं आणि बटणं जशीच्या तशी येतात. तेव्हापासनं तिथनं फोन नाही.

मॅकवर अडकलेली बटणं

मॅकवर कमांड दाबून धरलेला असताना दुसरं बटण सोडलं तर त्याचा कीअप येतच नाही. मी दाबलेल्या बटणांची यादी स्वतः ठेवत होतो, कीडाउनला घालायचं, कीअपला काढायचं, आणि कमांड-एस नंतर एस त्या यादीत कायमचा राहायचा. विंडोजवर तसंच अल्ट-टॅबचं, अल्टचा कीडाउन तुम्हाला येतो, कीअप दुसऱ्या खिडकीला जातो, आणि परत आल्यावर ॲपला वाटतं अल्ट अजून दाबलेलाच आहे. शक्यतो यादी ठेवूच नका, प्रत्येक इव्हेंट स्वतःबरोबर कंट्रोल-शिफ्ट-अल्ट-मेटाची खरी स्थिती घेऊन येतो, तीच वाचा. ठेवावीच लागली तर खिडकीचा फोकस गेला की आणि कमांडचा कीअप आला की सगळी यादी रिकामी करा.

क्यूटी आणि जावावाल्यांसाठी

क्यूटी आणि जावाचं स्विंग ही डेस्कटॉप ॲप बनवायची दुसरी साधनं. तत्त्व तेच, नावं वेगळी. क्यूटीमध्ये मोठा एंटर म्हणजे की-रिटर्न आणि नमपॅडचा म्हणजे की-एंटर, दोन वेगळे आहेत, एकच तपासला की माझ्यासारखी तक्रार येणार. मॅकवर क्यूटी कंट्रोल आणि मेटाची अदलाबदल स्वतःच करतं, कंट्रोल-मॉडिफायर म्हणजे तिथं कमांड, त्यामुळं वरनं तुम्ही परत अदलाबदल करू नका. मजकूर की-प्रेस इव्हेंटमधनं न घेता इनपुट-मेथड इव्हेंटच्या कमिट-स्ट्रिंगमधनं घ्या. एखाद्या रकान्याला शॉर्टकटच्या आधी बटण पाहिजे असेल तर शॉर्टकट-ओव्हरराइड इव्हेंट ॲक्सेप्ट करायचा.

जावा स्विंगमध्ये की-लिसनर फक्त फोकस असलेल्या कंपोनंटलाच ऐकू येतो, पॅनेलवर लावला आणि फोकस टेक्स्टफील्डमध्ये असेल तर काही होणार नाही, आणि ही तक्रार बघेल तिथं असते. इनपुटमॅप आणि ॲक्शनमॅप वापरा, विंडोमध्ये कुठंही फोकस असला तरी चालेल असा पर्याय त्यात आहे. कमांड की कंट्रोल हे टूलकिटला विचारा, गेट-मेनू-शॉर्टकट-की-मास्क-ईएक्स, जावा १० पासनं आहे. की-टाइप्डमध्ये की-कोड मागू नका, तिथं तो अनडिफाइन्डच असतो.

राहिलेलं एक

आता पट्टीचं सॉफ्टवेअर मी बिल्ड देण्याआधी चार कीबोर्डवर चालवून बघतो: इंग्लिश, इनस्क्रिप्ट, फोनेटिक, आणि माझ्या उबंटूवर आयबस या टायपिंग यंत्रणेमधलं मराठी. आयबसवर एक लक्षात ठेवा, कंट्रोल-शिफ्ट-यू तिथं युनिकोड नंबर टाकायला घेतलेला असतो, तो तुमच्या ॲपपर्यंत येईलच असं धरू नका. कॅप्स चालू करून एकदा, नमलॉक बंद करून एकदा, एंटर दाबून धरून एकदा, आणि टाइप करता करता मधनंच दुसऱ्या खिडकीत जाऊन परत येऊन एकदा.

एक मात्र सुटलं नाही. ॲप मागं असताना पण चालणारा ग्लोबल शॉर्टकट मालकांच्या मुलाला पाहिजे होता, विंडोज आणि मॅकवर दिला, उबंटूवर जमला नाही. उबंटू २१.०४ पासनं बहुतेक मशीनवर वेलँडच मूळ सेटिंग असतं, आणि वेलँड एका ॲपला दुसऱ्या ॲपची बटणं ऐकू देतच नाही, ते सुरक्षेसाठी मुद्दाम तसं केलंय, परवानगी घ्यायची ती डेस्कटॉपच्या पोर्टलमार्फत. जिथं एक्स-इलेव्हनवर लॉगिन करता येतं तिथं चालतं, पण तेवढ्यासाठी कुणाला एक्स-इलेव्हनवर जायला सांगणं मला पटलं नाही. लिनक्सच्या बिल्डमधनं ती सोय काढली आणि सेटिंगच्या पानावर तसं स्पष्ट मराठीत लिहून ठेवलंय.